पिशवीत मावेल एवढं

पालखी तळावर संध्याकाळी समाज आरती होते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाला पोचली की दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार दंड वर करतो आणि क्षणात सगळं थांबतं. एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो, मग तेही टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. कुणाची पिशवी राहिली, कुणाचा चष्मा पडला, कुणाचं पाकीट सापडलं, ते कुठे मिळेल. उद्या पालखी किती वाजता हलणार तेही सांगतात आणि आरती सुरू होते.

वारीतल्या रिंगणाचे, दिवे घाटाचे फोटो सगळीकडे दिसतात. मला मात्र ही घोषणा फार मोलाची वाटते. लाखो माणसांच्या या लोंढ्यात एका म्हातारीच्या चष्म्याची दखल घेतली जाते. वस्तूला इथे कुणी तुच्छ मानत नाही. चष्मा नसेल तर तिला हरिपाठाची पोथी वाचता येणार नाही, हे सगळ्यांना कळतं. पण ज्याचं सापडत नाही तोही आरतीला टाळ्या वाजवत उभाच असतो. दिवसभरात वस्तूंसाठी राखलेली वेळ एवढीच, आरतीच्या आधीची काही मिनिटं.

माझी आत्या तरडगावाजवळच्या एका खेड्यातली. पंढरीची वाट तिच्या शिवारापासून हाकेच्या अंतरावर आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती वारकऱ्यांना झुणका-भाकरी वाढायला रस्त्यावर उभी राहायची. मुलं हाताशी आल्यावर ती आळंदीपासून दिंडीत चालायला लागली. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. मी नोकरी सांभाळून जमेल तशी तिच्याबरोबर चालते. कधी पुण्याहून सासवडपर्यंत, कधी लोणंदपासून फलटणपर्यंत. सगळी वाट सलग चालणं मला अजून जमलेलं नाही, पण जेवढी चालले तेवढ्यात जे पाहिलं त्याबद्दल लिहावंसं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं.

आधी तिच्या पिशवीबद्दल. दोन नऊवारी लुगडी, एक चादर, पावसासाठी प्लॅस्टिकचा मोठा कागद, ताट आणि तांब्या, हरिपाठाची पोथी, गोपीचंदन, बुक्क्याची डबी, रक्तदाबाच्या गोळ्या, रुमालाच्या गाठीत पैसे, आणि आता मोबाईल आणि त्याचा चार्जर. ही पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. दिंडीची भिशी भरली की राहुटी, दोन वेळचं जेवण, चहा आणि ट्रकमधली जागा मिळते. वाटेवर तिच्या खांद्याला फक्त एक छोटी झोळी असते. निघायच्या आदल्या रात्री ती पिशवी भरते आणि भरून झाल्यावर तिच्यातलं काहीतरी एक काढून फडताळात परत ठेवते. मी एकदा विचारलं, ट्रक आहे ना, मग एवढा हिशेब कशाला? ती म्हणाली, "वझं पाठीला न्हाय हुत गं, डोक्याला हुतं. ह्ये सांभाळ, त्ये सांभाळ. मग नाव कवा घ्यायचं?"

आत्या विरक्त नाही, हे आधीच सांगते. तिच्या घरी फ्रीज आहे, टीव्ही आहे, म्हैस आहे, आणि म्हशीवर तिचा फार जीव आहे. पंढरपुरात महाद्वाराकडच्या गल्लीत ती काचेच्या बांगड्यांसाठी कासाराशी असा भाव करते की ऐकत राहावं. हिरव्या बांगड्या भरून घेताना तिचा चेहरा खुलतो, तो खुलायलाच हवा. वस्तू वाईट असतात असं तिला कधी वाटलेलं नाही आणि मलाही वाटत नाही.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. माझ्या टेबलासमोर रोज माणसं काहीतरी घेण्यासाठी येऊन बसतात. दुचाकी, चारचाकी, फ्लॅट, मुलीचं लग्न. कर्ज मंजूर झालं की पेढे येतात. पहिली दुचाकी घेणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आहे. तो सच्चा असतो. बस चुकली की आता पगार कापला जाणार नाही, आईला दवाखान्यात नेताना कुणाचे पाय धरावे लागणार नाहीत, असं सगळं त्या आनंदात असतं. काही वर्षांनी त्यांतलीच काही माणसं मोठ्या गाडीच्या कर्जासाठी येतात. आधीची गाडी चांगली चालत असते. बोलता बोलता कळतं की मेव्हण्याने मोठी घेतली, किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता आपलीच लहान दिसते. पेढे याही वेळी येतात. पण हप्ता बसेल ना, हा प्रश्न पेढा देतानाही डोळ्यांत असतो.

या दोन आनंदांतला फरक मला आत्याच्या नळामुळे नीट समजला. तिच्या घरी नळ आला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्याआधी ती अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून डोक्यावरून पाणी आणायची. अजूनही ती सकाळी पहिला हंडा नळाखाली लावते तेव्हा तोटीला हात लावून तो कपाळाला लावते. इतक्या वर्षांत त्या नळाचा तिला कंटाळा आला नाही. ज्या वस्तूने अंगाचं दुःख उतरवलं तिचं सुख जुनं होत नाही, कारण ते दुःख कसं होतं हे शरीर विसरत नाही. दुसऱ्याच्या नजरेसाठी घेतलेल्या वस्तूचं सुख मात्र त्या नजरेच्या हाती असतं. ती नजर दुसरीकडे वळली की वस्तू तिथेच राहते आणि सुख संपतं. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या माणसांना मी हे सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. पण रोज हे पाहत असल्यामुळे वारीत गेल्यावर माझं लक्ष आपोआप एका गोष्टीकडे जातं. इथे इतक्या लोकांकडे पाहण्यासारखं काहीच नाही, तरी यांचे चेहरे असे कशाने?

सासवडहून पुढे जेजुरी, वाल्हे, मग नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान, मग लोणंद. लोणंद सोडलं की चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण लागतं. दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या, मधून अश्व धावतो. तो गेला की बायका धावत जाऊन टापांखालची माती उचलतात आणि कपाळाला लावतात. त्यानंतर खेळ सुरू होतात. आत्या सत्तरीला आली आहे. गावात ती कडक सासू म्हणून ओळखली जाते, दारात हसायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. त्या दिवशी तिने एका अनोळखी बाईचे हात धरले आणि फुगडी घातली. पदर कमरेला खोचलेला, पायात पाण्याच्या फोडांवर चिंध्या बांधलेल्या, तोंडाने विठ्ठल विठ्ठल. थांबल्यावर दोघींनी वाकून एकमेकींच्या पायांना हात लावला. ती बाई कुठली, हे आत्याने विचारलंही नाही. तिला फक्त "माउली" म्हणाली आणि आपापल्या दिंडीत दोघी निघून गेल्या.

आनंद आपल्या आतच असतो, हे वाक्य ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे डोळे मिटून एकटा बसलेला माणूस येतो. वारीत मला तसं दिसलं नाही. तिथे तो आनंद पायांतून, गळ्यातून, टाळ धरलेल्या हातांतून बाहेर येतो, आणि दुसऱ्याचा बाहेर आलेला पाहून आपलाही मोकळा होतो. तरी तो बाहेरून कुणी आणून दिलेला नसतो. आत्याला फुगडी कुणी विकत दिली नव्हती. ती तिच्यातच होती, माहेरी असल्यापासून. घराच्या, मानाच्या, वयाच्या ओझ्याखाली दबली होती इतकंच. वारीत तिला कुणी अमक्याची आई किंवा तमक्याची सासू म्हणत नाही. पहाटे काकडा, मग चाल, विसावा, पुन्हा चाल, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. दिवस असा बांधलेला असतो की स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहायला फुरसतच मिळत नाही. दिंड्यांमध्ये मानपानाचे तंटे होत नाहीत असं नाही. रथापुढची दिंडी, रथामागची दिंडी, कुणाचा क्रम कुठे, यावरून आवाज चढलेले मी ऐकले आहेत. माणसं तीच असतात. पण त्यांना दिवसातले निदान काही तास स्वतःला विसरायची सोय या वाटेने करून ठेवली आहे.

आणि पंढरपूरला पोचल्यावर काय होतं? आषाढी एकादशीच्या आसपास दर्शनाची रांग इतकी लांबते की विठोबाच्या पायांपर्यंत पोचायला कित्येक तास लागतात, माणसं रात्र रात्र रांगेत उभी असतात. असंख्य वारकरी त्या रांगेत लागतच नाहीत. चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, नामदेव पायरीपाशी डोकं टेकतात, लांबून कळसाकडे पाहून हात जोडतात आणि एसटी स्टँडची वाट धरतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला ते सहन होईना. इतकं चालून आल्यावर ज्याच्यासाठी आलो त्यालाच न भेटता जायचं? आत्या चुरमुऱ्याची पुडी पिशवीत सारत होती. म्हणाली, "वाटंनं माझ्यासंगंच चालत हुता की. आता राऊळात आणि काय ईगळा दिसणार हाय?" तिच्या आवाजात हळहळ नव्हती, समजूत घातल्याचा सूरही नव्हता. जे हवं होतं ते तिला वाटेत मिळून गेलं होतं. एवढ्या मोठ्या प्रवासाच्या शेवटी हाती काही न लागता तृप्त परतणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. "सुख वस्तूंत नसतं" हे वाक्य कोण कुणाला म्हणतं, यावर ते खरं की खोटं हे ठरतं. ज्याच्या घरी सगळं आहे त्याने हे वाक्य ज्याच्या घरी काही नाही त्याला ऐकवू नये. वारीतली किती तरी माणसं कोरडवाहू शेतकरी आहेत. पेरणी करून निघालेली असतात, चालता चालता आभाळाकडे पाहत असतात. त्यांच्या साधेपणाचं कौतुक करताना त्यांची विहीर कोरडी आहे, हे विसरणं मला बरं वाटत नाही. आणि त्याच नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे. ज्याला आयुष्यभर देवळाच्या दाराबाहेर ठेवलं त्याची समाधी दाराबाहेरच आहे. त्याच्या आत आनंद होता म्हणून दार बंद ठेवणं क्षम्य होत नाही. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. आतल्या आनंदाची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या पायरीपाशी थोडा वेळ उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच या विषयात मला सगळ्यांत जवळचे वाटतात गाडगेबाबा. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी. तरुणपणी घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात खराटा, आणि एक मातीचं गाडगं. त्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं, ऊन लागलं तर तेच डोक्यावर. एवढाच संसार. गावात गेले की आधी गाव झाडायचे, मग रात्री त्याच गावात कीर्तन. पाया पडू देत नसत, कुणाला शिष्य म्हणत नसत. या माणसाने धर्मशाळा उभारल्या. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, आजारी माणसांबरोबर आलेल्या नातेवाइकांसाठी. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांना शिकायला जागा मिळावी म्हणून. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर उभे राहिले आणि त्यांच्याकडे शेवटपर्यंत गाडगंच राहिलं.

त्यांनी गरिबांना "आहे त्यात समाधान माना" असं कधी सांगितलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, देवापुढे बकरं कापू नका, जेवायचं ताट विकावं लागलं तर विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला, असं ते कीर्तनात सांगायचे. ताट आणि शाळा यांत काय निवडायचं हे ज्याला कळलं त्याला वस्तूंची किंमतही नीट कळलेली असते. बँकेत लग्नासाठी कर्ज मागायला आलेला बाप समोर बसलेला असतो, मंगल कार्यालयाचं भाडं, जेवणाच्या ताटाचा दर, सगळं कागदावर मांडून दाखवतो, तेव्हा मला गाडगेबाबा आठवतात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. ते कसे जगले हे वाचताना मला त्यांच्या त्यागापेक्षा त्यांची मोकळीक जाणवते. खराटा हातात घेतला की त्यांना दुसऱ्या कशाची गरजच पडत नव्हती. काम समोर होतं, माणसं समोर होती.

२०२० साली वारी पायी निघाली नाही. करोनामुळे पालख्यांच्या पादुका मोजक्या माणसांबरोबर एसटी बसने पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच. त्या दोन वर्षांत आत्याच्या घरात काही कमी नव्हतं. धान्य होतं, मुलगा घरी होता, नातवंडं होती. पण ज्येष्ठ वद्य अष्टमी आली तशी ती कासावीस झाली. मग तिने आपल्या परीने वाट काढली. पहाटे उठून काकडा म्हणायची, आणि घरामागच्या खळ्यात फेऱ्या मारायची, मुखाने नाम घेत. ज्या दिवशी पालखी सासवडला असायची त्या दिवशी जास्त फेऱ्या, कारण पुणे ते सासवड हा लांबचा टप्पा. मुलाने म्हटलं, आई, गुडघे दुखतील. ती म्हणाली, "दिवे घाट चढाय नगं का?" नातवंडं तिच्या मागून फिरायची. एकादशीला तिने उपास केला, खळ्यातल्या तुळशीला प्रदक्षिणा घातली आणि अंगणातून पंढरपूरच्या दिशेने हात जोडले. फोनवर मला तिचा आवाज ऐकू आला तो अगदी वारीहून परतल्यावर असतो तसा, थकलेला आणि भरलेला.

तेव्हा मला वारीचं वर्म थोडं उमगलं असं वाटतं. इतकी वर्षं चालून तिने ती वाट स्वतःत साठवली होती, म्हणून खळ्यातही तिला ती सापडली. हे काही एका वर्षात होत नाही. रोज संध्याकाळी ती दिवा लावून हरिपाठ म्हणते, लाइट असो नसो, घरी पाहुणे असोत, कुणाचं वाजलेलं असो. कधी मन लागतं, कधी नाही, असं तीच सांगते. मन लागलं नाही म्हणून तिने नेम मोडलेला नाही. आतलं सुख म्हणजे एखाद्या दिवशी अचानक सापडणारी गोष्ट असावी अशी मला आशा होती. तिला पाहून ती आशा मी सोडली आणि संध्याकाळी पेटी काढून बसायला लागले. लहानपणी शिकलेली, लग्नानंतर माळ्यावर गेलेली पेटी. भाता एका बाजूने फाटला होता, तो दुरुस्त करून घेतला. दोन-तीन भजनं येतात तेवढी वाजवते. शेजारच्या काकू कधी येऊन बसतात. त्या वेळात फोन स्वयंपाकघरात असतो आणि मला त्याची आठवण येत नाही.

परवा आत्याचा फोन आला. यंदा तिची सून पहिल्यांदा वारीला येणार आहे. सुनेची तयारी जोरात चालली आहे. नवे बूट, रेनकोट, पॉवर बँक, केसांचा ड्रायर, तीन पिशव्या भरून झाल्यात आणि चौथी उघडी आहे. मी विचारलं, "तू तिला काही सांगितलं नाहीस?"

"कशाला? ट्रकात जागा हाय की."

मग तिने माझी रजा मंजूर झाली का ते विचारलं, तिच्या चार्जरची वायर तुटली आहे, तर पुण्याहून नवा घेऊन ये म्हणाली, आणि लोणंदला तळावर कोणत्या बाजूला भेटायचं ते ठरवून आम्ही फोन ठेवला.